विजेच्या हिशेबाने जुळणारे गंधक

सेंद्रिय रेणूतील कार्बनाशी गंधकाचा बंध विजेच्या साहाय्याने जुळवला, म्हणजे त्या क्रियेचा हिशेब इलेक्ट्रॉनांच्या संख्येत मांडता येतो. इंडोल या दोन जोडवलयांच्या, नायट्रोजनयुक्त संयुगाला थायोसायनेट गट, म्हणजे गंधक, कार्बन व नायट्रोजन यांच्या एकेका अणूचा गट, जोडण्याची प्रक्रिया हे याचे सुबोध उदाहरण होय.

मध्ये पडदा नसलेल्या काचपात्रात अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात इंडोल व अमोनियम थायोसायनेट विरघळवतात. हे लवण गंधक पुरवते आणि वीजही वाहून नेते, त्यामुळे वेगळे वाहक लवण लागत नाही. ग्रॅफाइटच्या धनाग्रावर थायोसायनेट आयन इलेक्ट्रॉन गमावतात, त्यांच्या जोडीतून थायोसायनोजेन बनते आणि त्याचा अर्धा भाग इंडोलच्या तिसऱ्या स्थानी जडतो, तर ऋणाग्रावरून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे अखंड उठत राहतात. एरवी ज्या कामासाठी ब्रोमीनसारखे दाहक ऑक्सिडीकारक वापरावे लागते, ते येथे धनाग्र करते.

प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन लागत असल्याने १ मिलिमोल इंडोलसाठी १९३ कूलोम विद्युतभार, म्हणजे १० मिलिअँपिअर प्रवाह सुमारे ५ तास २२ मिनिटे, पुरायला हवा. प्रत्यक्षात थायोसायनोजेनाचा काही अंश बहुवारिक होऊन धनाग्रावर पिवळसर-नारिंगी थर धरतो व विजेचा काही भाग त्यात खर्ची पडतो. म्हणून घड्याळावर न विसंबता द्रावणाचा थेंब सिलिकाच्या पातळ थरावर चढवून इंडोलचा ठिपका नाहीसा झाल्याची खात्री करून घेतात.

शुद्ध केलेल्या संयुगाची जैविक क्रियाशीलता तपासताना पोषक द्रवात त्याची तीव्रता पायरीपायरीने निम्मी करत जाऊन त्यांत जिवाणू सोडतात, आणि रात्रभराच्या उबवणीनंतर ज्या सर्वांत कमी तीव्रतेला द्रव गढूळ होत नाही, ती किमान प्रतिबंधक तीव्रता मानतात. सोबत केवळ द्रावक घातलेली वाटी ठेवणे अनिवार्य असते, अन्यथा द्रावकाचा परिणाम संयुगाच्या नावावर जमा होतो. तरीही जिवाणूंची वाढ थांबली एवढ्याने औषध सिद्ध होत नाही. १९४४ साली लसणातून वेगळे केलेले अ‍ॅलिसिन जिवाणूंच्या विकरांतील गंधक-हायड्रोजन गटांशी अभिक्रिया करते, पण तेच गट मानवी पेशींतील ग्लुटाथायोनमध्येही असतात. म्हणून गंधकयुक्त नव्या संयुगाची मानवी पेशींवरील चाचणी त्याच तीव्रतांना व्हावी लागते, आणि या दोन निष्कर्षांतील अंतरावरच त्याच्या उपयोगाची मर्यादा ठरते.