बॉनेटखालचा कापूस

सकाळी सहा. नोव्हेंबरातला रविवार. सातपुड्याकडून गार वारं सुटलंय आणि आमची वॅगन आर अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे. काल दुपारी शेगावहून आलो तेव्हापासून तिला मुद्दाम हात लावलेला नाही. इंजिन पुसायचं तर ते रात्रभर गार झालेलं हवं. गरम इंजिनावर साबण पडला की वाफा होतात, हात भाजतो तो वेगळाच. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तडा जाण्याची भीती असते. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण फिरवणं म्हणजे उकळतं कूलंट तोंडावर घेणं. ते मी एकदा दुसऱ्याच्या बाबतीत पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

गाडी धुवायला गावात जागा कमी नाहीत. पण गेल्या दिवाळीआधी खामगाव रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरवर मी हौसेनं इंजिनही धुऊन घेतलं. पोराने बॉनेट उचललं, बोअरच्या पाण्याचा फवारा जोरात मारला, पाच मिनिटांत सगळं लखलखीत. दुसऱ्या दिवशी शाळेत निघालो तर गाडी खोकत होती आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. इलेक्ट्रिशियनने प्लगावरच्या कॉइलची एक पिन उपसून माझ्यासमोर धरली. तांब्यावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी, कडेला पांढरी भुकटी. म्हणाला, "सर, इथं त मीठ पिकलं."

आमचं वरवट बकाल संग्रामपूर तालुक्यात, म्हणजे घाटाखाली. बुलडाणा जिल्ह्याचे आम्ही लोक दोनच भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेचं खोरं, आणि त्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि आमचा जिल्हा धरून खारपाणपट्टा. जमीन काळी, चिकट. जमिनीखालचं पाणी खारट. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांची नावं किडनीच्या आजारामुळे पेपरात येत असतात. घाटावर लोणारचं सरोवर आहे. तेही खारट, पण ते बघायला जगभरातून लोक येतात, २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. आमची बोअरही खारट आहे, पण तिच्याकडे कोणी पर्यटक फिरकत नाही.

या पाण्याचा थेंब वायरीच्या जोडावर वाळला की पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतो. तो क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि हळूहळू तांबं खातो. घाटावरच्या चिखलीचे माझे सासरे विहिरीच्या गोड पाण्याने इंजिनावर तांब्या ओततात आणि वर मला विचारतात, "जावईबापू, तुमचीच गाडी कशी बंद पडते?" काय सांगणार?

साडेसहा. बॉनेट उचललं आणि पहिलं काय दिसलं, तर कापूस. इंजिनाच्या वरच्या बाजूला, वायरींच्या जुडग्यात, सरकीसकट पांढराशुभ्र कापूस, त्यात कडुनिंबाच्या काड्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या. उंदराचं घरटं. घरटं रिकामं होतं, पण ताजं. यात आश्चर्य नाही. घरातली पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलीय. भाव वाढेल म्हणून आबांनी या वेचणीचा एक क्विंटलही विकलेला नाही. उंदराला कापूस फुकट मिळतो आणि रात्री ऊब द्यायला मी शाळेतून गरम इंजिन घेऊन येतो.

कापूस इंजिनावर असणं म्हणजे काय, ते घाटाखालच्या माणसाला सांगावं लागत नाही. जिनिंगच्या आगी आम्ही पाहिल्यात. सायलेन्सरकडे जाणारा पाइप चालत्या गाडीत लाकूड पेटेल इतका तापतो, त्याच्यावर हा बोळा घसरला असता तर पुढचं बोलायला नको.

म्हणून पहिलं काम घरटं काढणं. तेही झाडूने नाही. उंदराच्या मुताने लेप्टो होतो आणि कोरडी घाण झटकली की धूळ नाकात जाते. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, घरट्यावर साबणपाण्याचे चार शिंतोडे, आणि मग ओलसर झालेला बोळा उचलून पिशवीत. पोराला म्हटलं, तू लांब उभा राहा आणि मोबाइलवर फोटो काढ. सगळ्या वायरी, सगळी झाकणं, जशी आहेत तशी. नंतर काही निसटलं तर कोणती कुठं होती यावर बापलेकात भांडण नको.

सात. चहा. शेजारचे भाऊ कंपाउंडवर कोपर टेकवून उभे.

"काय करून राह्यले, सर?"

"इंजिन साफ करून राह्यलो, भाऊ."

"मंग माह्या पंप आणू का? बॅटरीचा हाय. दोन मिनिटात चकाचक."

पंप म्हणजे कपाशीवर फवारणीचा, पाठीवरचा. देणाऱ्याचं मन मोठं, पण त्या टाकीत गेल्याच आठवड्यात कीटकनाशक होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून मी त्या पंपाला जपूनच हात लावतो. वरून त्यात भरणार बोअरचंच पाणी. नको म्हटलं तर भाऊंनी दुसरा उपाय काढला. "मंग पेट्रोलनं पुसा. नाही त राकेल. तेल असं निंघते का बस!"

तेल निघतं हे खरं. आमच्या लहानपणी ट्रॅक्टरचं इंजिन डिझेल आणि ब्रशनेच साफ व्हायचं. पण पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली साचते, आणि एक ठिणगी पुरते. तिकडे कोठ्याच्या तोंडाशी आमची चूल, इकडे खोलीत वीसेक क्विंटल कापूस. शिवाय पेट्रोल-रॉकेलने रबराचे पाइप फुगतात, मऊ पडतात. मी खामगावहून पाण्यात मिसळणारं डिग्रीझर आणलंय, ते दाखवलं. भाऊंनी बाटलीवरची किंमत वाचली आणि चहा संपवून गेले.

आठ. बॅटरी. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून हिच्याकडे दिलं. बॅटरी बारा व्होल्टची, तिचा शॉक लागत नाही. पण पाना किंवा अंगठी दोन टोकांमध्ये अडकली तर ती क्षणात लाल होते आणि बोटासकट भाजते. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढायचं. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट झालाच. निगेटिव्ह सुटलेलं असलं की पाना बॉडीला लागला तरी चालतं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून आबांना बिडी घेऊन ओसरीच्या त्या टोकाला बसायला सांगितलं. ते बसले, पण "आता घरातबी बिडी नाही प्यायची का?" हे ऐकवूनच.

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी होती. खायचा सोडा पाण्यात कालवला, जुन्या टूथब्रशने लावला, फसफसला, मग आरोच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसलं. हे पाणी बॅटरीच्या झाकणांमधून आत जाता कामा नये. वाळल्यावर वर व्हॅसलीनचा पातळ हात.

साडेआठ. आता झाकपाक. भाजीच्या पातळ पिशव्या आणि रबरं. अल्टरनेटरला एक, फ्यूज बॉक्सला एक, इंजिनच्या कॉम्प्युटरला एक, कॉइलांच्या रांगेवर एक मोठी, हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडात एक, ऑइलच्या झाकणावर एक, ब्रेक ऑइलच्या डबीवर एक. पोराने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं: सात. मला तेव्हा ती हौस वाटली.

नऊ ते साडेअकरा. खरं काम हे, आणि त्यातलं निम्मं कोरडंच. रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश घेऊन आधी वरची धूळ झाडली. इकडची धूळ म्हणजे काळी माती, बारीक आणि चिकट. ऑइलवर बसली की डांबर होते. काचेच्या खालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला मूठमूठ निघाला. तिथं पाणी निघून जायला बारीक वाटा असतात. त्या तुंबल्या की पावसात पाणी आत पायाशी उतरतं. यंदाच्या श्रावणात मॅट का ओली व्हायची ते आज समजलं.

रेडिएटरच्या जाळीत किडे, कापसाचे तंतू, एक आख्खं फुलपाखरू. तिथं मऊ ब्रश, वरून खाली, पात्यांच्या दिशेनेच. आडवा ओढला की पाती दुमडतात आणि हवा अडते.

मग डिग्रीझर, तेही थेट फवारायचं नाही. फडक्यावर घ्यायचं, पुसायचं, दुसऱ्या ओल्या फडक्याने उचलायचं. पाणी आरोच्या वीस लिटरच्या कॅनमधलं. दिवसभरात त्यातलं चार-पाच लिटर लागलं असेल. वॉशिंग सेंटरवाला एवढं पाणी पाइप जोडतानाच सांडतो. खारपाणपट्ट्यात इंजिन धुवायचं नसतं, पुसायचं असतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. हात सगळीकडे फिरतो तेव्हाच गाडी बोलायला लागते. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला ऑइलचा ओलावा सापडला, म्हणजे गॅस्केट बदलायला झालंय. धुऊन टाकलं असतं तर हा पुरावाही धुऊन गेला असता.

आणि मग ज्याची भीती होती ते. घरट्याच्या खाली, काळ्या टेपच्या गुंडाळीत, दोन वायरींचं आवरण कुरतडलेलं. तांबं उघडं, दोन्ही वायरींत करंगळीएवढंही अंतर नाही. काच धुण्याच्या पाण्याची नळीही दातांनी चाळणी केलेली. पोर म्हणालं, "बाबा, टेप लावून द्या ना." नाही. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, आणि ही वायर कशाची आहे ते मला माहीत नाही. फोटो काढला, इलेक्ट्रिशियनला पाठवला. उत्तर आलं, "चालू करू नका. चार वाजता येतो."

बारा. खाली पसरलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यांवर काळं पाणी जमलं होतं. ते नालीत नाही आणि कडुनिंबाच्या बुडाशी तर नाहीच. पुठ्ठे, फडकी, सगळं एका जुन्या रंगाच्या डब्यात, झाकण लावून, कापसाच्या खोलीपासून लांब. कूलंटचा थेंब कुठं सांडलाय का ते वाकून पाहिलं. ते चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

बॉनेट उघडं ठेवून गाडी उन्हात लोटली. लोटताना ही, पोरगा, भाऊ आणि भाऊंचा जावई. जेवायला भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. जेवणावर लिहायला बसलो तर इंजिन राहून जाईल.

तीन. पिशव्या काढल्या. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉम्प्युटर, कॉइल, ऑइल, ब्रेक ऑइल. सहा. पोराने वही उघडली. "बाबा, सात होत्या." मी म्हटलं, वाऱ्याने उडाली असेल. तो हलेना. फोटो काढून बघितला, हवेच्या नळीत बोट घातलं, आणि आत सरकलेली पिशवी चिमटीने बाहेर काढली. तशीच चावी फिरवली असती तर इंजिनाचा श्वासच कोंडला असता. मी काही बोललो नाही. वही मात्र त्याच्याकडून मागून गाडीच्या कप्प्यात ठेवली.

चार. इलेक्ट्रिशियन वेळेवर आला, हीच आजची दुसरी नवलाई. एक वायर इंजेक्टरची निघाली, दुसरी कुठल्याशा सेन्सरची. त्याने खराब तुकडा कापला, नवी वायर जोडली, झाळ दिली, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. लायटर काढायच्या आधी त्याने स्वतःच विचारलं, "सर, पेट्रोल-बिट्रोल नाही ना लावलं?" मी भाऊंच्या घराकडे बघितलं.

पावणेपाच. बॅटरी जोडताना क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. बाजूला वाळूची बादली, कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं की आग पाण्यासोबत पसरते. चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. दोन मिनिटं किंचित वाफ आणि साबणाचा वास, मग काही नाही. दिवे, हॉर्न, पंखा, वायपर. पिवळा दिवा विझलेला. घड्याळ मात्र मागे गेलं होतं, ते पोराने लावलं.

रात्री आठ. आता उंदराचं काय? गावात प्रत्येकाकडे औषध आहे: तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, तिखटाचं पाणी. तिखटाला नुसतं हसू नये, होंडा कंपनी मिरचीचं तिखट द्रव्य लावलेली टेप वायरींसाठी विकते. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं साधं, रात्री बॉनेट उघडं ठेवा. उंदराला अंधार आणि ऊब लागते, दोन्ही गेली की तो बसत नाही. म्हणून उघडं ठेवलंय.

आबा बाजेवर पडल्या पडल्या बघत होते. कापसाच्या खोलीत काहीतरी खुडबुडलं. ते कूस बदलून म्हणाले, "कापूस विकला का जाईन तो. भाव त येऊ दे."