फिफ्टीन-फाइव्ह-ओ-वन: सोळा किलोमीटरचा रस्ता आणि चार कॉलेजांची खुन्नस

मुंबई-गोवा हायवेचा एनएच १७ एकदम ६६ कसा झाला, त्यावर मागे बोललो होतो. तेव्हा काही जणांनी विचारलं होतं की अमेरिकेतल्या रस्त्यांना नंबर कसे देतात, आणि तिकडच्या कॉलेजच्या मॅचला स्टेडियम भरतात ते खरं का? वेगवेगळे वाटले तरी या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच रस्त्यावर मिळतं. म्हणून आजचा भाग त्या रस्त्यावर. वाचणाऱ्यांसाठी बोललेलंच थोडं नीट करून इथे टाकतोय.

रस्ता आहे नॉर्थ कॅरोलिना राज्यातला. नाव यूएस १५-५०१. तिथले लोक एका दमात 'फिफ्टीन-फाइव्ह-ओ-वन' म्हणतात. त्याचा आपल्या कामाचा तुकडा डरम आणि चॅपल हिल या दोन गावांमधला, साधारण सोळा किलोमीटर. लोकलने ठाणे ते डोंबिवली जेवढं, जवळपास तेवढंच. एका टोकाला ड्यूक युनिव्हर्सिटी आणि दुसऱ्या टोकाला युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना, म्हणजे यूएनसी. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं वैर या सोळा किलोमीटरमध्ये बसतं.

आधी नंबरांचं बघू, कारण माझा जीव तिथे जास्त रमतो.

आपल्याकडे २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर दिले, त्याचा नियम सोपा आहे. उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता सम, पूर्व-पश्चिम जाणारा विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, विषम उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणून नागपूरवरून कन्याकुमारीकडे जाणारा ४४, कोकणातून जाणारा त्याहून मोठा, ६६. आणि सुरत-जळगाव-अकोला-नागपूर जाणारा विषम, ५३. पुणे-सोलापूर-हैदराबाद त्याच्या खाली, म्हणून ६५.

अमेरिकेत हे बरोब्बर उलटं. उत्तर-दक्षिण विषम, पूर्व-पश्चिम सम. त्यातही दोन पिढ्या आहेत. १९२६ सालच्या 'यूएस रूट' पद्धतीत छोटे आकडे पूर्वेला आणि उत्तरेला, म्हणून यूएस १ अटलांटिक किनाऱ्याच्या बाजूला. १९५६ च्या कायद्यानंतर इंटरस्टेट आले. त्यांचे आकडे मुद्दाम दुसऱ्या टोकापासून सुरू केले, म्हणजे एकाच भागात एकाच नंबरचे दोन रस्ते येऊन गोंधळ व्हायला नको. त्यामुळे इंटरस्टेट ५ पॅसिफिकला आणि ९५ अटलांटिकला. तीन आकडी यूएस रूट म्हणजे मूळ रस्त्याची शाखा. ५०१ म्हणजे यूएस १ ची पाचवी शाखा.

मग १५-५०१ काय भानगड? दोन वेगळे हायवे काही अंतर एकाच डांबरावरून जातात, एवढंच. यूएस १५ आणि यूएस ५०१ दक्षिणेकडून सॅनफर्ड, पिट्सबरो, चॅपल हिल करत एकत्र येतात आणि डरमनंतर पांगतात. एक ऑक्सफर्डकडे जातो, दुसरा रॉक्सबरोकडे. सरकारी कागदावर हे दोन रस्ते आहेत. तिथल्या माणसाच्या तोंडात मात्र एकच नाव बसलंय, आपल्याकडे 'पुणे-नगर रोड' बसलाय तसं. नंबर बदलला तरी बोलणारे बदलत नाहीत.

आता या रस्त्याच्या दोन टोकांकडे येऊ. यूएनसी सरकारी आहे आणि तिने १७९५ मध्ये विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली. ड्यूक खासगी. मूळचं ट्रिनिटी कॉलेज, १८९२ मध्ये डरमला आलं, आणि १९२४ मध्ये सिगारेटचे बडे कारखानदार जेम्स ड्यूक यांच्या पैशावर त्याचं ड्यूक युनिव्हर्सिटी झालं. दोघांचाही रंग निळा, पण यूएनसीचा आकाशी आणि ड्यूकचा गडद. बाहेरच्याला वाटेल निळा तो निळा. त्या गावांत असं म्हणून बघा!

ड्यूकचं कॅमेरॉन इंडोर स्टेडियम १९४० चं. जागा फक्त ९,३१४. विद्यार्थी कोर्टाला जवळजवळ चिकटून उभे राहतात. यूएनसीचं डीन स्मिथ सेंटर १९८६ चं, त्यात एकवीस हजारांहून जास्त माणसं मावतात. ड्यूकला पैसा कमी नाही, पण त्यांनी मोठं स्टेडियम बांधलं नाही. माझ्या मते शहाणपणा केला. जागा कमी म्हणून मागणी जास्त, आणि त्यातूनच तिथला तो तंबूंचा प्रकार आला. यूएनसी येणार असली की ड्यूकची पोरं स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. थंडीत! तंबूत ठरलेली संख्या हजर हवी, रात्री-अपरात्री तपासणी होते, आणि सापडला नाहीत की रांगेतली जागा गेली. या तंबूनगरीला प्रशिक्षक माइक शशेफ्स्कींचं नाव आहे. तिकडे चॅपल हिलला यूएनसी जिंकली की पोरं फ्रँकलिन स्ट्रीटवर उतरतात आणि तो रस्ता गाड्यांना बंद होतो. एका टोकाला रांग, दुसऱ्या टोकाला मिरवणूक.

पण ही गोष्ट दोन कॉलेजांची नाही, चारांची आहे. रॉलीत एनसी स्टेट आणि विन्स्टन-सेलमला वेक फॉरेस्ट. या चौघांच्या पट्ट्याला खेळाच्या भाषेत 'टोबॅको रोड' म्हणतात. या नावाचा रस्ता नकाशावर शोधू नका. तो तंबाखूच्या पैशाचा रस्ता आहे. ड्यूकचं सांगितलंच. वेक फॉरेस्टचं तर आणखी मजेशीर. हे कॉलेज रॉलीजवळच्या वेक फॉरेस्ट नावाच्याच गावात होतं. विन्स्टन-सेलमच्या रेनॉल्ड्स या तंबाखू घराण्याच्या संस्थेने पैसे देऊ केले, अट एकच, आमच्या गावी या. १९५६ मध्ये अख्खं कॉलेज दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब गेलं. मूळ गाव मागे राहिलं, नाव सोबत गेलं. आणि विन्स्टन व सेलम ही सिगारेटची नावं ऐकली असतील, तर ती त्या गावावरूनच.

कॉलेजचा खेळ एवढा मोठा का झाला? कारण दुसरं काही नव्हतंच. नॉर्थ कॅरोलिनात एनबीएची टीम आली ती १९८८ मध्ये, शार्लटला. त्याआधी कितीतरी दशकं ज्याला मोठा खेळ बघायचा त्याच्यासमोर कॉलेजच होतं, आणि ते गाडीने तासा-दोन तासांत गाठता यायचं. १९४६ मध्ये एव्हरेट केस नावाचे प्रशिक्षक इंडियानाहून एनसी स्टेटला आले. रॉलीचं रेनॉल्ड्स कोलिझियम (पुन्हा तंबाखू!) १९४९ मध्ये सुरू झालं, आणि दर डिसेंबरमध्ये तिथे हे चार घरचे संघ आणि चार पाहुणे अशी तीन दिवसांची स्पर्धा भरायला लागली, डिक्सी क्लासिक. १९६१ मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणामुळे ती बंद पडली, पण तोवर राज्याला बास्केटबॉलचं वेड लागलं होतं.

आता थोडं थांबतो. कारण 'शेजारी कॉलेजं, जवळचे रस्ते, मस्त खुन्नस' एवढंच सांगितलं तर अर्धी गोष्ट झाली.

डरममध्येच आणखी एक कॉलेज आहे, आजचं नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी. ते कृष्णवर्णीयांचं. १९४४ मध्ये तिथल्या संघाचे प्रशिक्षक होते जॉन मॅक्लेंडन. बास्केटबॉल ज्यांनी शोधला त्या जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली ते कॅन्ससला शिकले होते, पण रंगामुळे तिथल्या कॉलेज संघात त्यांना खेळता आलं नव्हतं. त्यांचा संघ तुफान होता. आणि गावात ड्यूकच्या मेडिकलवाल्यांचाही चांगला संघ होता. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र खेळणं तेव्हा तिथे चालत नव्हतं. तरी १२ मार्च १९४४ ला, रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असताना, ड्यूकची पोरं मागून घेतलेल्या गाड्यांमध्ये बसून, डोकी झाकून, आडवळणाने त्या कॉलेजवर आली. जिमची दारं आतून बंद केली. मॅक्लेंडन यांच्या पोरांनी ८८-४४ ने जिंकलं. मग दोन्ही संघ एकमेकांत मिसळले आणि आणखी एक मॅच खेळले. हे सगळं जगाला नीट कळलं ते पन्नासेक वर्षांनी.

रस्त्यांचा नाद असलेला माणूस म्हणून मला यात सगळ्यात जास्त बोचतं ते आडवळण. एकाच गावातली दोन कॉलेजं, मध्ये काही किलोमीटर, आणि सरळ रस्त्याने जायची सोय नाही. पुढे साठच्या दशकापासून डरममध्ये एक फ्रीवे बांधला, राज्य मार्ग १४७. तो हेटाय नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मधून काढला. दुकानं, घरं, चर्च, सगळं उठलं. आज त्या रस्त्यावरून गाडी सुसाट जाते, आणि खाली काय होतं ते जाणाऱ्याला कळत नाही. रस्ता जोडतो हे खरंच, पण कोणाला जोडायचं ते बांधणारा ठरवतो.

या चारही कॉलेजांना गुंफणारा मोठा रस्ता म्हणजे इंटरस्टेट ४०. रॉलीवरून, डरम आणि चॅपल हिलच्या कडेने, ग्रीन्सबरो, मग विन्स्टन-सेलम. हिल्सबरो ते ग्रीन्सबरो या पन्नासेक किलोमीटरमध्ये ४० आणि ८५ हे दोन इंटरस्टेट एकाच रस्त्यावरून जातात, १५-५०१ चाच प्रकार, फक्त आठ लेनचा. या रस्त्याचं पूर्वेचं टोक विल्मिंग्टनला, समुद्राजवळ. मायकल जॉर्डन तिथे वाढला. तिथल्या एका तुकड्याला आज त्याचं नाव आहे. पण तो १९८१ मध्ये यूएनसीला शिकायला गेला तेव्हा हा रस्ता नव्हताच. रॉली-विल्मिंग्टन इंटरस्टेट पूर्ण झाला १९९० मध्ये.

विल्मिंग्टनला या रस्त्याच्या सुरुवातीला एक हिरवा फलक होता: बार्स्टो, कॅलिफोर्निया, २,५५४ मैल. म्हणजे चार हजार एकशे किलोमीटर! लोक तो इतक्या वेळा चोरायचे की २००९ मध्ये राज्याच्या रस्ते खात्याने नवा लावणंच सोडून दिलं.

कॅलिफोर्निया मुद्दाम आणलंय. चार कॉलेजं ज्या लीगमध्ये खेळतात ती अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, एसीसी. १९५३ मध्ये ग्रीन्सबरोला सात कॉलेजांनी स्थापन केली. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळायचा, एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. दोन्हीकडे गाडीने जाता यायचं. मग टीव्हीचा पैसा आला आणि लीग फुगायला लागली. २००४ नंतर ते दोनदा खेळणं गेलं. २०१३ मध्ये सिराक्यूज, पिट्सबर्ग. २०२४ मध्ये डॅलसची एसएमयू, आणि स्टॅनफर्ड व बर्कली. अटलांटिक कोस्टच्या लीगमध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची दोन कॉलेजं. तीन तासांचा घड्याळातला फरक. फुटबॉल आणि बास्केटबॉलवाल्यांचं एकवेळ ठीक, त्यांच्यावर पैसा येतो. पण व्हॉलीबॉल आणि सॉकरच्या पोरापोरींनीही खंड ओलांडून मॅचला जायचं आणि परत येऊन लेक्चरला बसायचं, हे त्यांच्या शिक्षणाच्या जिवावर चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शेजाऱ्यांचं काय झालं ते बघा. यूएनसी आणि वेक फॉरेस्ट, दोघंही १९५३ पासूनचे संस्थापक. मध्ये सव्वाशे-दीडशे किलोमीटर, इंटरस्टेट ४० वरून दीड तास. पण फुटबॉलच्या वेळापत्रकात लीग त्यांना वर्षानुवर्षं समोरासमोर आणेना. शेवटी दोघांनी २०१९ आणि २०२१ मध्ये आपापसात मॅच ठरवल्या आणि त्या लीगबाहेरच्या म्हणून मोजल्या. एकाच लीगमधले दोन संघ, लीगला बाजूला ठेवून खेळले! पहिली वेक फॉरेस्टने २४-१८ अशी जिंकली, दुसरी यूएनसीने ५८-५५.

ड्यूक-यूएनसीला अजून धक्का नाही, बास्केटबॉलमध्ये दोघं दोनदा भेटतात, टीव्हीवाल्यांना ती मॅच हवीच असते. गंमत म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत, एनसीएएमध्ये, हे दोन शेजारी पहिल्यांदा समोर आले ते थेट २०२२ मध्ये, सेमीफायनलला, आणि तेही न्यू ऑर्लिन्सला. यूएनसी ८१-७७ ने जिंकली आणि ती शशेफ्स्कींची शेवटची मॅच ठरली. सोळा किलोमीटरवरचे दोन संघ, आणि ती मॅच बघायला दोन्ही गावांना हजार किलोमीटरहून लांब जावं लागलं.

आपल्यापैकी बरेच जण, किंवा त्यांचे ताई-दादा, नोकरीसाठी कॅरी-मॉरिसव्हिलला आहेत. ते याच पट्ट्यात येतं, इंटरस्टेट ४० च्या अगदी शेजारी. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारा, तुमच्या गल्लीत आकाशी झेंडे जास्त की गडद निळे की एनसी स्टेटचे लाल. आणि १५-५०१ चा फलक दिसला तर फोटो मागवून घ्या. दोन्ही नंबर एकाच खांबावर हवेत.