बडोद्याचा कादंबरीकार अमात्य

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि रमेशचंद्र दत्त यांचा स्नेह मराठी चरित्रांत सहसा एका वाक्यात उरकला जातो. बडोद्यातला बंगाली म्हटले की अरविंद घोषच आठवतात. दत्त उरतात ते दादाभाई नौरोजींच्या पंगतीतले अर्थशास्त्रज्ञ म्हणून. पण त्यांचा पिंड कादंबरीकाराचा होता.

बंकिमचंद्रांच्या आग्रहाने दत्त बंगालीत लिहू लागले आणि आयसीएसची नोकरी सांभाळून 1874 ते 1879 या काळात त्यांनी चार ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ (1878) शिवकालावर आहे. ती प्रसिद्ध झाली तेव्हा कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव जेमतेम पंधरा वर्षांचे होते आणि बडोद्यात धडे गिरवत होते.

दोघांच्या लेखणीला एकाच दिशेला वळवले ते 1899–1900 च्या, म्हणजे छप्पन्याच्या दुष्काळाने. 1897 मध्ये सेवानिवृत्त झालेल्या दत्तांनी 1899 च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले आणि 1900 मध्ये लॉर्ड कर्झनला उद्देशून अनावृत पत्रे छापली. पाऊस दगा देतो हे खरे, पण शेतसाऱ्याच्या ओझ्याने रयतेच्या गाठीला काही उरत नाही म्हणून एक वाईट साल तिला आडवे करते, हा त्यांचा मुद्दा. सरकारला जानेवारी 1902 मध्ये सविस्तर ठराव काढून उत्तर द्यावे लागले. इकडे सयाजीराव आपल्या राज्यातल्या दुष्काळी मुलखात फिरले आणि त्या दौऱ्याची टिपणे 1901 मध्ये लंडनला मॅकमिलनने छापली. दत्तांना सरकारला जाब विचारायचा होता. सयाजीराव स्वतःच सरकार होते. त्यामुळे महाराजांच्या पुस्तकाला आत्मपरीक्षणाची जी धार आहे, ती दत्तांच्या पत्रांत येणे शक्यच नव्हते.

1904 मध्ये सयाजीरावांनी या टीकाकारालाच अमात्य नेमले आणि महसूल खाते त्याच्या हाती दिले. कागदावर मांडलेले सिद्ध करून दाखवा, असेच जणू ते आव्हान होते. न्याय आणि कारभार वेगळे करण्याची मागणी दत्त पूर्वीपासून करत होते. बडोद्यात ती अमलात आली. अनेक किरकोळ, जाचक कर गेले. मात्र ठरावीक मुदतीने होणारी जमिनीची फेरआकारणी चालूच राहिली. स्नेह झाला तरी खजिना महाराजांचा होता.

या मैत्रीचे खरे वाङ्मयीन फळ म्हणजे दत्तांनी संकलित केलेले राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल. 1902–03 आणि 1903–04 या दोन वर्षांचा अहवाल म्हणजे नव्या कारभाराची कैफियतच आहे. त्याच सुमारास त्यांनी आपल्याच बंगाली कादंबरीवरून इंग्रजीत केलेल्या ‘द लेक ऑफ पाम्स’ (1902) या कादंबरीपेक्षा त्यांचे दुष्काळावरचे आणि महसुलावरचे गद्य कितीतरी जिवंत आहे.

1907 मध्ये दत्त विकेंद्रीकरण आयोगावर गेले आणि 1909 मध्ये दिवाण म्हणून बडोद्यास परतले. त्याच वर्षी त्या चार ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी ‘माधवीकंकण’चे त्यांनी केलेले इंग्रजी रूप प्रसिद्ध झाले आणि 30 नोव्हेंबरला बडोद्यातच त्यांचे निधन झाले. जावई ज्ञानेंद्रनाथ गुप्त यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र 1911 मध्ये लंडनहून निघाले. त्याची प्रस्तावना सयाजीरावांची आहे. दुष्काळाच्या टिपणांशेजारी ठेवून ती वाचायला हवी.