माळ्यावरचा जर्मन टोप

मलप्रभेच्या उगमामुळे आणि माउलीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेल्या कणकुंबीत, चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका कौलारू घरी, पावसाळा सरल्यावर मी काही कामानिमित्त गेलो असता, यजमान काकांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढविली आणि मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेला, शेंड्यावर पितळी टोक असलेला एक टोप माझ्या हाती ठेवीत ते म्हणाले, “बघा गुरुजी, हा जर्मनाचा टोप. आमच्या आज्जानं पहिल्या लढाईतनं आणला.” टोप हाती घेताच प्रथम जाणवले ते त्याचे हलकेपण. एके काळी पांढरे असावे असे पिवळट कापड, त्याखाली बोटाने दाबताच भुगा होणारे बुचाचे कवच, हनुवटीखाली अडकविण्यासाठी चामड्याच्या पट्ट्यावर बसविलेली पितळी साखळी, आणि शेंड्याच्या बैठकीत फिरकीने घट्ट केलेले टोक. वस्तू जुनी होती, अस्सल होती आणि जर्मन मुळीच नव्हती.

टोक दिसले की टोप जर्मन, हा समज केवळ कणकुंबीपुरता नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात ज्यांचे केस पांढरे झाले अशा व्यापाऱ्यांतही तो आढळतो. प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्म याने १८४२ साली आपल्या फौजेसाठी टोकदार शिरस्त्राण मंजूर केले हे खरे; परंतु १८७०-७१ च्या युद्धात त्या फौजेने फ्रान्सला नमविल्यावर तिच्या पोशाखाचे अनुकरण करण्याचा जो मोह जगभर पसरला, त्यापासून इंग्रज आणि अमेरिकनही सुटले नाहीत, आणि दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या संचलनात तर हे शिरस्त्राण आजही दिसते. इंग्रजांनी १८७८ च्या सुमारास मायदेशासाठी निळ्या कापडाचा आणि हिंदुस्थानसारख्या उष्ण मुलखासाठी पांढऱ्या कापडाने मढविलेला बुचाचा टोप चालू केला, व दोहोंच्या शेंड्यावर समारंभप्रसंगी टोक बसविण्याचा शिरस्ता ठेवला. बेळगावच्या छावणीत गोऱ्या पलटणींचा तळ पिढ्यान्‌पिढ्या होता; तेव्हा या सीमाभागात, खानापुरापासून निपाणीपर्यंत, एखाद्या घरात टोकाचा टोप निघालाच, तर तो कुणा गोऱ्या सोजिराचा असण्याचा संभव सर्वांत मोठा. मराठा शिपाई तेव्हा पागोटे बांधीत असे, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी लागते.

काकांच्या आज्जाचा शब्द खोटा पाडण्याचा माझा हेतू नाही. परंतु पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी कोठे लढल्या याचा तपशील पाहिला पाहिजे. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात उतरल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूतच्या वेढ्याचा दारुण शेवट त्यांच्याही वाट्याला आला. तेथे समोरचा शत्रू तुर्क होता, आणि त्याच्या डोक्यावर कापडी शिरोवेष्टन असे. पूर्व आफ्रिकेत हिंदी फौजेची प्रत्यक्ष जर्मनांशी गाठ पडली, परंतु तेथील जर्मन फौजही उन्हापासून बचाव करणारे बुचाचे टोप वापरी. फ्रान्समध्ये १९१४ च्या शरदापासून १९१५ च्या अखेरीपर्यंत ज्या दोन हिंदी पायदळ डिव्हिजन लढल्या, त्यांच्यासमोर मात्र खरेखुरे टोकदार टोप होते. त्या डिव्हिजनांत मराठा नावाची पलटण नव्हती. पण खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या कंपन्या होत्या, आणि त्या दलात मराठ्यांची भरती होत असे. म्हणून एखाद्या घराण्याचा पूर्वज खडकीच्या दलात होता व तो फ्रान्सला गेला होता असे कागदपत्रांवरून दिसत असेल, तर जर्मन टोपाची कथा आदराने आणि बारकाईने ऐकावी.

दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या टोपांविषयीचा घोटाळा याहून सोपा आहे. हिटलरची फौज टोकदार टोप घालून लढली, असे नाटक-सिनेमांच्या परिणामाने अनेकांना वाटते. वस्तुतः १९१६ साली जर्मनांनी पोलादी शिरस्त्राण आणले आणि रणांगणावरील टोकाचा टोप हळूहळू इतिहासजमा झाला. ज्या इटलीच्या मोहिमेत यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉसयोग्य पराक्रम गाजविला, त्या मोहिमेतून कोणी जर्मन शिरस्त्राण आणलेच असेल, तर ते कानांवर उतरणारे, बिनटोकाचे पोलादी शिरस्त्राण होय.

आता खऱ्या जर्मन टोपाकडे वळू. तो लोखंडाचा असतो ही समजूत त्याच्या दबदब्यातून निर्माण झाली असावी. काही घोडदळी पथकांचे धातूचे टोप वगळता, शिपायाचा टोप साच्यावर घडविलेल्या, काळ्या रोगणाने चकाकविलेल्या चामड्याचा असे; तोफेच्या गोळ्याची कपची अडविण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते, आणि खंदकांतील लढाईत डोक्याला होणाऱ्या जखमांमुळेच पोलादाकडे वळणे भाग पडले. टोक शत्रूला भोसकण्यासाठी होते, हीही अशीच एक लोककथा. ते आतून पोकळ असून त्याच्या बुडाशी बारीक छिद्रे असत, त्यांतून डोक्याला वारा मिळे. बाकी शोभा आणि रुबाब हाच त्याचा उद्देश. तोफखान्याच्या टोपावर तर बहुधा टोकाऐवजी गोळा असे, त्यामुळे गोळ्याचा टोप नकली म्हणून परत करणारा ग्राहक हाती आलेली अस्सल वस्तू घालवून बसतो.

कपाळपट्टीवरचे पितळी चिन्ह गरुडाचेच हवे, या आग्रहानेही अनेक चांगले टोप नाकारले गेले आहेत. जर्मन साम्राज्यात अनेक राज्ये सामील होती, व प्रत्येकाचे चिन्ह निराळे होते. प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचे सिंह, सॅक्सनीचा तारा, बाडेनचा पंख असलेला ग्रिफिन. हनुवटीच्या पट्ट्याच्या दोन टोकांना असणाऱ्या रंगीत चकत्यांवरूनही हाच निवाडा होतो: १८९७ पासून उजवीकडची काळी-पांढरी-तांबडी चकती साम्राज्याची, आणि डावीकडची त्या-त्या राज्याची, म्हणजे प्रशियाची काळी-पांढरी, बव्हेरियाची पांढरी-निळी. पलटणीचा क्रमांक टोपाच्या धातूवर शोधण्याचे श्रम बहुधा व्यर्थ जातात, कारण तो मोहिमेवर टोप झाकणाऱ्या कापडी गवसणीवर असे. त्यापुढचा दस्तऐवज आत दडलेला असतो. अस्तर हळूच वर करून मागील किनारीखाली पाहिले असता वर्ष, माप आणि लष्करी कपडेखात्याचा शिक्का कधीकधी वाचता येतो. १९१५ चा नमुना तर युद्धातील टंचाईची कैफियतच होय: पितळेऐवजी करड्या पोलादाचे सामान आणि काढून ठेवता येणारे टोक. चामडे दुर्मिळ होताच नमद्याचे व पत्र्याचे टोपही बनले. त्यांना कमअस्सल म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

खोट्याची पारख करताना एकच कृती मी सर्वांत भरवशाची मानतो. चिन्ह सोडवून उलटे धरावे. अस्सल चिन्ह पातळ पत्र्यावर ठशाने उठविलेले असल्यामुळे त्याच्या पाठीमागे तीच आकृती खोलगट उमटलेली दिसते, आणि पिसांची रेघन्‌रेघ तेथे वाचता येते. ओतीव प्रतिकृतीची पाठ सपाट वा खडबडीत, आणि वजन अंमळ जास्त. मग चामड्यातील भोके मोजावीत. जितके आकडे तितकीच भोके असली तर ठीक. जास्तीचे एक भोक असले, तर त्या टोपावर पूर्वी दुसरेच चिन्ह होते. जुनाट रंग हा पुरावा नव्हे. अशा प्रतिकृती आपल्याच देशातील कारखान्यांतून मोठ्या प्रमाणात बनतात व परदेशी रवाना होतात, हे जाणकार संग्राहकांना चांगले ठाऊक आहे. प्रतिकृती म्हणून विकली तर त्या कारागिरीत वावगे काही नाही.

कणकुंबीच्या पावसात चामडे आणि बूच दोन्ही बुरशीला बळी पडतात. तेव्हा ट्रंकेत कोंडण्यापेक्षा, स्वच्छ सुती कापडाची गादी आत भरून, कोरड्या व हवेशीर फडताळात ठेवणे बरे. चिंच आणि राख घेऊन देवघरातल्या पितळेप्रमाणे टोप घासण्याचा मोह कृपा करून आवरावा. त्या घासण्याने शंभर वर्षांची झळाळी आणि ठशाची धार एका सकाळीत जाते. चामड्याला बुटाचे पॉलिशही लावू नये. विक्रीचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा ध्यानी असावा: शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीने देशाबाहेर पाठविण्यास बंदी आहे.

काकांना मी हे सारे सांगितले, तेव्हा ते क्षणभर उदास झाले. मग म्हणाले, “म्हणजे आज्जा खोटं बोलला व्हय?” मी म्हटले, “नाही काका. आज्जानं लढाई पाहिली असेल, टोपही त्यांनीच आणला असेल. मधल्या माणसांनी दोन्ही एकत्र बांधलं.” त्यांच्या ट्रंकेत टोपाखाली एक जीर्ण कागद घडी घालून ठेवलेला होता, आणि त्यावर पलटणीचा क्रमांक व नोकरीची वर्षे स्पष्ट होती; टोपापेक्षा तो कागद मला मोलाचा वाटला. ज्यांच्या माळ्यावर असा टोप असेल, त्यांनी तो पुसण्यापूर्वी आज्जाचे नाव, पलटण, आणि टोप घरात कधी आला हे घरातील सर्वांत वयस्क माणसाला विचारून वहीत लिहून ठेवावे, व ती वही टोपाजवळच ठेवावी.