चिनी चहाची खरेदी

चिनी माणूस सातारकरांस अगदींच परका नव्हे. महाबळेश्वरीं १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि तेथील भाजीपाल्याची लागवड पुष्कळशी त्यांच्याच हातांनीं सुधारली. त्यांच्या भाषेंतला 'चा' हा शब्दहि आपल्या घरोघरीं 'चहा' होऊन बसला आहे. त्या चहाचे प्रकार मात्र तिकडेच राहिले.

कांहीं वर्षांपूर्वीं सांगलीच्या स्नेह्यांबरोबर हांगचौ शहरीं गेलों असतां, एका दुकानांत मीं कोशांतून पाठ केलेला 'हेइ-चा', म्हणजे 'काळा चहा', हा शब्द मोठ्या ऐटीनें उच्चारला. दुकानदारानें एक वीट पुढें ठेवली. किंमत भारी, तेव्हां मालहि उत्तम असणार, अशा समजुतीनें मीं ती घेतली. घरीं आमच्या मंडळींनीं तिचा तुकडा आलें, साखर व दूध घालून उकळला, तों हरिपूरचें जुनें हळदीचें पेव उघडावें तसा वास सुटला!

चूक माझीच. आपण ज्यास काळा म्हणतों त्यास चिनी लोक, त्याच्या अर्काच्या रंगावरून, 'हुंग-चा' म्हणजे लाल चहा म्हणतात. त्यांचा काळा चहा निराळा. तो ओलसर ढिगांत मुरवितात, पुष्कळदां दाबून विटा करितात, आणि वर्षानुवर्षें ठेवितात. झाड एकच. चिरलेलें वांगें हवेनें काळें पडतें, तसेंच चुरगळलेल्या पानाचें होतें. तें पूर्ण होऊं दिलें कीं लाल चहा. अर्धवट थांबविलें कीं ऊलुंग. आणि खुडल्यावर लवकरच कढईंत तापवून रोखलें कीं हिरवा.

हांगचौचा लुंगचिंग हा हिरवाच; पान कढईंत दाबून चपटें केलेलें. एप्रिलच्या ५ तारखेच्या सुमारास येणाऱ्या छिंगमिंग सणापूर्वीं खुडलेला सर्वांत महाग. घेण्यापूर्वीं दुकानांतच करून पाहावा. पेल्याच्या तळाशीं कोंब व पान अखंड उलगडलें पाहिजे. चुरा दिसला तर उठावें. भाव 'चिन्'चा कीं 'ल्यांग'चा हेंहि विचारावें. चिन् ५०० ग्रॅमचा, ल्यांग ५० ग्रॅमचा. म्हणजे फरक दसपट! पाणी उकळतें नको, ८० अंशांच्या आसपास पुरे. दूधसाखर अर्थातच वर्ज्य.

राहतां राहिली ती वीट. मंगोल लोक विटेचा चहा दूध व मीठ घालून उकळतात, आणि तिबेटी लोक लोणी व मीठ घालून घुसळतात, असें मागाहून समजलें. म्हणजे आमच्या मंडळींची रीत तितकीशी वेडगळ नव्हती. मिठाचा प्रयोग मात्र घरांत अद्याप मंजूर झालेला नाहीं; वीट अर्धी शिल्लक आहे.