घरची कचेरी

ज्या घराण्यांत पूर्वीं कुळकर्णाचें वतन होतें, त्यांस घरीं बसून नोकरी ही कल्पना परकी वाटूं नये. गांवचें दप्तर रुमालांत बांधून घरच्याच सोप्यांत ठेवलेलें असे. कुळकर्णी लिहावयास बसले असतां त्यांना भाजी आणावयास पिटाळण्याची घरांत कोणाची छाती नव्हती. आणि दिवसभर ते काय करितात, हें पाहावयास वरिष्ठही तेथें येऊन बसत नसत. जमाबंदीच्या वेळीं हिशेब बरोबर निघाला म्हणजे झालें!

मार्च 2020 मध्यें टाळेबंदी झाली आणि पुण्यामुंबईच्या संगणक-कंपन्यांतील अनेक तरुण धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथील वडिलोपार्जित घरीं परतले. ज्या वाड्यांत दोन म्हातारीं माणसें तेवढीं उरलीं होतीं, तेथें पुन्हां वर्दळ सुरू झाली. त्याच वर्षीं टाटा कन्सल्टन्सीनें जाहीर केलें कीं, 2025 पर्यंत एका वेळीं चौथ्या हिश्श्याहून अधिक नोकरांस कचेरींत बोलावण्याची गरज राहणार नाहीं. परंतु ऑक्टोबर 2023 पासून त्याच कंपनीनें आठवड्याचे पांचही दिवस हजेरी मागितली. इन्फोसिसनें मार्च 2025 पासून अनेकांस महिन्यांतून निदान दहा दिवसांच्या हजेरीचा नियम घातला.

या दहा दिवसांचाच विचार करूं. पुण्यांत राहणाऱ्यास ते आठवड्यांतून दोन-तीन दिवस असे विखुरलेलेच सोयीचे. धाराशिव मात्र पुण्याहून सुमारें अडीचशें किलोमीटर. येथील मनुष्यास विखुरलेले दहा दिवस म्हणजे पुण्यांत बाराही महिने भाड्याची खोली. मग गांवीं राहण्यांत अर्थ तो काय उरला? तेच दिवस सलग मिळाले, तर तो महिन्यांतून एकदां जाऊन येईल आणि उरलेला काळ आईबापांजवळ काढील. चांगलीं माणसें टिकत नाहींत म्हणून हळहळणाऱ्या मालकांनीं हें साधें गणित एकदां मांडून पाहावें.

मालकांची शंका अशी कीं, नजरेआड माणूस कामचुकार होतो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं ही शंका चीनमधील एका प्रवास-कंपनींत कसोटीस लावली. 2010 सालीं सुरू झालेल्या नऊ महिन्यांच्या प्रयोगांत घरून दूरध्वनीवर काम करणारांचें काम 13 टक्क्यांनीं वाढलें. मात्र प्रयोग संपतांच त्यांच्यापैकीं निम्मे कचेरींत परतले. एकटेपणा सोसेना, शिवाय काम चांगलें असूनही, डोळ्यांसमोर नसलेल्या माणसाची बढती मागें पडे. पुढें त्याच कंपनींतील 1612 नोकरांना घेऊन दुसरा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2024 मध्यें प्रसिद्ध झाले. यांत दोन दिवस घरीं व तीन दिवस कचेरींत अशी वांटणी होती. कामांत अगर बढतींत कांहीं फरक पडला नाहीं, आणि नोकरी सोडण्याचें प्रमाण तिसऱ्या हिश्श्यानें घटलें. स्त्रिया व दूरवरून येणारे यांच्यांत ही घट विशेष दिसली. तेव्हां घरीं बसलेल्याच्या तोंडावर दिवसभर कॅमेरा रोखून ठेवण्यापेक्षां, बढती बुडणार नाहीं एवढी हमी त्यास दिली तर तो अधिक काळ टिकेल.

स्त्रियांसंबंधीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. 2017 मध्यें प्रसूतिविषयक कायद्यांत सुधारणा होऊन रजा 26 आठवड्यांची झाली, आणि कामाचें स्वरूप तसें असल्यास, रजेनंतर मालकाशीं ठरवून घरून काम करण्याची तरतूदही आली. कायदा मालकाला बांधील. सासरच्या मंडळींना कोण बांधणार? सून घरीं आहे म्हणजे ती रिकामीच आहे, असा आपला समज. तिची महत्त्वाची बैठक चालली असतां दूधवाला तिनेंच पाहावयाचा, पाहुण्यांचा चहाही तिनेंच टाकावयाचा. या ओढाताणीपेक्षां पुण्याची दगदग बरी, असें तिला वाटलें तर दोष तिचा नव्हे.

तुळजापुरांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं माडीवरची खोली सुनेच्या कामासाठीं दिली आहे. वीज गेल्यास अडूं नये म्हणून सासऱ्यांनीं स्वतः खटपट करून इन्व्हर्टर बसवून घेतला. नवरात्रांत देवीच्या दर्शनास आलेल्या आप्तेष्टांनीं घर भरलें होतें. “सूनबाई कुठें दिसत नाहींत?” असें कोणीं तरी विचारलें. सासूबाई भगर निवडतां निवडतां म्हणाल्या, “ती कचेरींत गेली आहे. सहा वाजतां येईल.”

बरोबर सहाला माडीच्या जिन्यावर पावलें वाजलीं.