वकिलीला घालायचे? मग अकरावीपासूनच घड्याळ लावा!

बारावीचा निकाल लागला की घरात विचार निघतो, “पोरीला वकिलीला घालू या का?” पण तोवर गाडी सुटलेली असते. पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमासाठी आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि त्यातली क्लॅट तर बारावीच्या परीक्षेआधीच, डिसेंबरात होते. तयारी अकरावीलाच हवी.

परीक्षा मुख्यतः दोन. राज्याची विधी सीईटी २०१६ पासून घेतली जाते. ती मराठीतूनही देता येते. तिच्यातूनच मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्रवेश मिळतो. १९३५ साली बाबासाहेब ज्याचे प्राचार्य झाले, तेच हे महाविद्यालय! दुसरी क्लॅट. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ती द्यावी लागते. ती इंग्रजीतूनच असते. १२० प्रश्न, १२० मिनिटे. उतारे वाचायचे आणि उत्तरेही द्यायची. चार उत्तरे चुकली की एक गुण कापला जातो. म्हणून येत नसेल तिथे अंदाजाने खूण करू नये.

मराठी शाळेतल्या मुलांनी घाबरू नये. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचावा, अडलेले शब्द वहीत लिहावेत. गणित दहावीपर्यंतचेच लागते. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर पक्के करावे. क्लॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिका तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दर रविवारी घड्याळ लावून एक सोडवावी आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न ‘का चुकला’ हे लिहून ठेवावे. ही चुकांची वहीच खरा क्लास आहे.

आता पालकांनो, तुमचा अभ्यास! एका खोलीच्या घरात रोज दोन तास टीव्ही बंद ठेवा. पाणी भरणे, भांडी घासणे मुलीच्याच वाट्याला का? तिच्या भावानेही हात लावावा. २०२५ च्या क्लॅटचा अर्जच अनुसूचित जातींसाठी ३,५०० रुपयांचा होता. तेव्हा डब्यात आजपासून थोडे थोडे टाका.

आणि कागदपत्रे! १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण हातात दाखला नसेल तर हक्क कागदावरच राहतो. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी अकरावीतच अर्ज करा.

पोरीने गुण मिळवायचे आणि दाखल्यापायी जागा जायची, असे आपल्या घरात होऊ देऊ नका.